जत्रेच्या वाटेवर ग्रंथालय

मार्गशीर्षी पौर्णिमेस तापीच्या काठी सारंगखेड्यास श्रीदत्ताची यात्रा भरते. पंजाब-राजस्थानाकडील घोडे तेथे विक्रीस येतात, आणि अलीकडे या यात्रेच्या जोडीस चेतक महोत्सवही उभा राहिला आहे. महाशिवरात्रीस तोरणमाळाच्या घाटात यात्रेकरूंची रीघ लागते. होळीपूर्वीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्यास भोंगऱ्याचे बाजार फुलतात. मैदानी गावांत आखाजीस झोक्यावर अहिराणी गाणी होतात आणि श्रावणात कानबाई बसते. सारांश, ज्या नंदुरबार जिल्ह्याचा उल्लेख मागासलेपणाच्या यादीवाचून सहसा होत नाही, त्या जिल्ह्यात कलेचा वा करमणुकीचा दुष्काळ आहे असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. दुष्काळ आहे तो निराळ्या गोष्टीचा, आणि त्याविषयी आज चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे येथील लोकसंख्या १६ लाख ४८ हजार. तीत शेकडा ६९ लोक आदिवासी. साक्षरतेचे प्रमाण शेकडा ६४.३८, सबंध महाराष्ट्राचे ८२.३४, म्हणजे राज्यात सर्वांत खालची पायरी आमची. हे आकडे जुने झाले खरे, परंतु २०२१ ची शिरगणती ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे तुलनेस आधार त्यांचाच. शासनाचे ग्रंथालय खाते जिल्ह्या-जिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरविते, ही गोष्ट स्तुत्यच होय. परंतु ग्रंथोत्सव बहुधा शहरातील सभागृहात भरतो आणि लोक भरतात ते नदीकाठी, डोंगरावर व बाजारात! जेथे पुस्तके असतात तेथे जनसमुदाय नाही, आणि जेथे जनसमुदाय असतो तेथे पुस्तक नाही. या दोहोंची गाठ कोणी घालून द्यावयाची, हाच आजचा प्रश्न आहे.

या विलगपणाने काय बुडत आहे याची कल्पना शहरातील वाचकांस सहसा येत नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या जुन्या संस्थानच्या गावची राजवाडी होळी घ्या. तिची परंपरा इ. स. १२४६ पासूनची सांगतात. उंच बांबूचा दांडा रानातून आणावयाचा, तो उभा करावयाचा, रात्रभर ढोलाच्या तालावर नाचावयाचे आणि पहाटे होळी पेटवावयाची, असा तिचा क्रम. डोक्यास मोरपिसांचा टोप, अंगावर रंगाची नक्षी, कमरेस वाळलेले भोपळे व घुंगरू बांधलेले बावा आणि बुध्या कित्येक दिवस व्रत पाळून या रात्रीस उभे राहतात. गुजरात व मध्यप्रदेशातूनही आप्तस्वकीय येतात. तेथे तिकीट नाही आणि अध्यक्षीय भाषणही नाही. परंतु या रात्रीची गाणी, व्रताचे नियम, ढोल मढविण्याची विद्या, हे सर्व भांडार आहे कोठे? वृद्धांच्या कंठात व हातांत. ते वृद्ध गेले आणि त्यांची मुले मजुरीसाठी गुजरातेत गेली म्हणजे भांडारास कुलूप लागले, आणि किल्ली कोणापाशी उरली नाही.

ही भीती पोकळ आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी आपल्याच खानदेशातील एक उदाहरण आठवावे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या होत्या. पुत्र सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांस दाखविल्या, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. टिपून घेणारा घरात होता म्हणून महाराष्ट्रास एक थोर कवयित्री लाभली. ज्या घरांत टिपून घेणारा नव्हता, त्या घरांतील किती बहिणाबाई जात्याबरोबरच मुक्या झाल्या, याची गणती कोण करणार?

कित्येक सद्गृहस्थ म्हणतात की, या बोलींची पुस्तके कशास हवीत? मराठी शिकवा म्हणजे झाले. मराठीचा अभिमान आम्हांस कोणापेक्षा उणा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली, तो आनंद आमचाही आहे. परंतु थोरल्या बहिणीस मान मिळाला म्हणून धाकटीचे ताट काढून घ्यावयाचे नसते. भिली व तिच्या पोटभाषा बोलणारे लोक २०११ च्या गणतीप्रमाणे देशात एक कोटीहून अधिक आहेत, आणि तरीही घटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत भिलीस स्थान नाही. शिवाय नंदुरबारकरांस भाषाभेदाची भीती दाखवू नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या शहराच्या रस्त्यावर बाल शिरीषकुमार मेहता व त्याचे सवंगडी गोळ्या झेलून पडले, तेव्हा त्या मिरवणुकीत गुजराती घोषणा निनादत होत्या. त्या गुजराती होत्या म्हणून त्यांतील देशभक्ती कमी तोलाची ठरली काय? तोच न्याय भिलीस, पावरीस व मावचीस लावावा, इतकेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप याहून सडेतोड आहे. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यापुढे पुस्तकांची पेटी उघडून काय उपयोग? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी आमच्या कुंपणापलीकडेच मिळालेले आहे. नवापूरच्या सीमेस लागून असलेला सोनगड-व्यारा हा मुलूख तेव्हा बडोदे संस्थानात मोडत असे. आज नवापूरच्या रेल्वे फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे, इतकी ही शेजारीण जवळची! श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या तज्ज्ञास आणून संस्थानात ग्रंथालयांचे खातेच उभारले. लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगाव फिरविण्यात येत. आणि निरक्षरांचे काय? त्यांच्यासाठी याच खात्याची एक शाखा चित्रे व हलती चित्रे घेऊन खेड्यांत जाई आणि ती फुकट दाखवी. म्हणजे करमणूक आणि ग्रंथालय ही दोन निराळी खाती आहेत ही समजूत महाराजांनी तेव्हाच मोडीत काढली होती. खेळ पाहण्यास आलेला मनुष्य पेटीपाशी थांबे. स्वतःस वाचता न आले तर मुलाकडून वाचवून घेई. पैशांचा नियमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे: गावाने जितकी वर्गणी जमवावी तितकीच रक्कम प्रांताच्या पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी. एकट्या सरकारच्या तोंडाकडे पाहत बसण्याची सवय त्या नियमाने कोणास लागू दिली नाही.

आता सुधारकांसही दोन शब्द. जत्रा म्हटली की मद्य, जुगार व उधळपट्टी एवढेच काहींच्या डोळ्यांपुढे येते. हे दोष आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते दूर करण्यासाठी ढोल फोडावयाचा काय? १९३७-३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यात गुला महाराजांनी जे केले ते या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. सोमवारी आरतीस लोक लोटत. त्या समुदायात दारू सोडण्याची शपथ दिली जाई आणि लहानथोर सर्वांनी एकमेकांस ‘आप’ म्हणावे असा दंडक होता. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या कोणी आदरार्थी हाक मारली नव्हती, त्यांनी ती एकमेकांस मारावयास आरंभ केला! १९३८ साली महाराज वारले. बंधू रामदास महाराजांनी ते कार्य पुढे चालविले. गर्दी मोडून नव्हे, तर गर्दीच्या हृदयात शिरून सुधारणा होते, हा धडा या मातीनेच दिलेला आहे.

मात्र त्यात एक अट आहे. शहाद्याचे कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली निघाला. व्यासपीठावर बसून आमचे दुःख आम्हांलाच सांगणारे कोण, हा प्रश्न त्यांनी आपल्या ‘स्टेज’ या कवितेत मांडला आहे. उत्सवसमित्यांनी हा प्रश्न स्वतःस विचारावा. आदिवासी कलावंत पाहुण्यांच्या स्वागतापुरता नाचवावयाचा आणि भाषणे सुरू होताच त्यास मांडवाबाहेर बसवावयाचे, ही रीत कलेच्या गौरवाची नव्हे. जो नाचतो त्यास समितीत जागा हवी. ज्याचे गाणे टिपले जाईल त्याचे नाव पुस्तकावर हवे आणि त्याचा मोबदला त्याच्या हाती पडावयास हवा.

आता कायद्याकडे वळू. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने ग्रंथालयांसाठी घरपट्टीवर उपकर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमात तशी तरतूद नाही. आमची ग्रंथालये अनुदानावर चालतात, आणि अनुदान हे देणाऱ्याच्या सवडीने येते. ही उणीव विधिमंडळाने भरून काढावी. परंतु तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस आपल्या रूढी-परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे; नवापूर, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके त्या क्षेत्रात येतात. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी अशा ग्रामपंचायतींस थेट देण्याचे धोरण आहे, आणि त्याच्या विनियोगात शिक्षणास स्थान आहे. तसेच २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालये स्थापणे आणि पारंपरिक कलांस उत्तेजन देणे ही दोन्ही कामे एकाच कलमात घातली आहेत. कायदे करणाऱ्यास जी जोडी दिसली ती आम्हांस का दिसू नये?

त्या कायद्याची सक्ती पाच कोटी नफ्याच्या वा त्याहून मोठ्या मापाच्या कंपन्यांस आहे. आमच्या पेठेतील बहुतेक दुकानांस ती लागू होणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु व्यापारी बंधूंनी आपली खतावणी उघडून पाहावी. भोंगऱ्याच्या बाजारात गूळ, डाळ्या, हारकंगन व घुंगरू कोण विकतो? होळीचे कापड कोणाच्या दुकानातून जाते? ज्या जत्रेने गल्ला भरतो, त्या जत्रेच्या लोकांचे काही देणे लागत नाही काय? वर्षभरातील एका बाजाराच्या दिवसाचा नफा बाजूस काढला तरी पेटीभर पुस्तके सहज होतील.

आमची सूचना थोडक्यात अशी. नंदुरबार, शहादे, तळोदे व नवापूर येथील वाचनालयांनी मिळून फिरत्या ग्रंथालयाची एक गाडी सिद्ध करावी. तीत मुलांची सचित्र पुस्तके, शेतीची व आरोग्याची सोपी पुस्तके आणि भिली, पावरी, मावची व अहिराणी मजकूर असावा. मोठ्याने वाचून दाखविणारी स्थानिक मुले-मुली असावीत. आणि वृद्धांची गाणी ध्वनिमुद्रित करून ती देवनागरीत बोली व मराठी अशी शेजारी-शेजारी उतरवून घेणारा एक जाणता मनुष्य असावा. खर्चाचा एक वाटा पेठेने, एक ग्रामसभांनी व एक शासनाने उचलावा. गाव करी ते राव न करी, ही म्हण आमच्या वाडवडिलांची आहे. तिचा अनुभव घेण्यास सारंगखेड्याची येती यात्रा हा उत्तम मुहूर्त होय. घोड्यांच्या बाजारात दावणीस शेकडो जनावरे उभी राहतात. त्यांच्या शेजारी पुस्तकांच्या एका गाडीस जागा देण्याइतके तापीचे वाळवंट खचित रुंद आहे.