गोष्टीचं पीक, लेखकाचा हंगाम

या पानावर आपण एरवी वाणांची, खतांची, बाजारभावाची माहिती वाचता. ग्रामपंचायतीचे ठराव, जिल्हा परिषदेच्या योजना यांचीही खबर इथं मिळते. आज जरा वेगळ्या पिकाबद्दल बोलू. हे पीक कागदावर येतं. त्याला विहिरीचं पाणी लागत नाही, पण मशागत मात्र चिक्कार लागते, आणि भाव ठरवणं पिकवणाऱ्याच्या हातात कधीच नसतं. ते पीक म्हणजे लघुकथा, आपल्या बोलीत गोष्ट. आणि ती काढणारा माणूस पुण्या-मुंबईतच असतो असं समजू नका. तुमच्याच आळीत कुणी शाळामास्तर, कुणी ग्रामसेवक, डेअरीला दूध घालून आल्यावर वही उघडून बसणारा कुणी पोरगा हे पीक काढत असेल. तुम्हाला त्याचा पत्ता नसतो, इतकंच.

तुम्ही म्हणाल, रिकामटेकड्याचा उद्योग आहे झालं. थोडं थांबा.

सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यात माडगूळ म्हणून गाव आहे. माणदेशचा दुष्काळी मुलूख. पाऊस आला तर आला. तिथले व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांनी गावातल्या साध्यासुध्या माणसांची चित्रं शब्दांत काढली. ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ साली आलं, तेव्हा लेखक पुरता पंचविशीचाही नव्हता. पुढं ‘गावाकडच्या गोष्टी’, ‘बनगरवाडी’ आली. पण पोटासाठी त्यांनी काय केलं? पुणे आकाशवाणीत नोकरी केली, ग्रामीण कार्यक्रम सांभाळला. रेडिओवर पीकपाण्याच्या गप्पा ऐकणाऱ्या तुमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊकही नसेल की त्यामागं एक मोठा कथाकार बसलेला आहे. गोष्टींनी नाव दिलं, चूल पेटवली ती नोकरीनं. हे गणित तेव्हा जे होतं तेच आजही आहे. त्यात काही फरक पडला असेल तर तो वाईटाकडंच.

कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील (१९२६–१९९४) बघा. चावडी, बैठका, निवडणुका, पाटलाचा ताठा, गड्याचा बेरकीपणा, सगळं त्यांच्या गोष्टीत आहे. ‘वळीव’, ‘धिंड’, ‘खुळ्याची चावडी’ ही पुस्तकांची नावंच गावातली. अकलूजला जन्मलेले द. मा. मिरासदार (१९२७–२०२१) हे तिसरे. या तिघांनी गोष्ट छापून थांबवली नाही, ती व्यासपीठावर उभं राहून सांगितली. गणेशोत्सव असो, एखादी व्याख्यानमाला असो, कथाकथनाला माणसं लोटायची. मौज अशी की गोष्टीत टोपी उडवली जायची ती सरपंचाची, पाटलाची, तलाठ्याची, आणि पुढच्या रांगेत बसून पोट धरून हसायचे तेही हेच. पावती फाडणारे हेच, लेखकाच्या गळ्यात हार घालणारेही हेच. एवढा मोठेपणा आज किती गावपुढाऱ्यांत उरला आहे, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

हे झाले चढाचे दिवस. तिघेही पुढं अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले : माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला, शंकर पाटील १९८५ साली नांदेडला आणि मिरासदार १९९८ साली परळी वैजनाथला. तिन्ही गावं मराठवाड्यातली, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा.

आता उताराचं बोलू. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९२० साली जन्मले. शाळा जवळपास नाहीच. बापाबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहीत राहिले. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकात कित्येकांनी वाचली असेल. ‘फकिरा’ कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९६१ साली रशियाला जाऊन आले. त्यांच्या कथानकांवर सिनेमे निघाले. आणि १८ जुलै १९६९ ला, पन्नाशीही गाठली नसताना, हा माणूस हलाखीत गेला. आज त्यांचे पुतळे आहेत, जयंतीला मिरवणुका निघतात, ठिकठिकाणी त्यांच्या नावाच्या कमानी आहेत. जिवंतपणी त्यांच्या लेखणीवर पैसा झाला खरा, पण त्यांच्या पदरात त्यातला किती पडला? माल तुमचा, काटा व्यापाऱ्याचा, हा प्रकार तुम्हाला काही नवा नाही.

खरीप आणि दिवाळी अंक

लघुकथेचा मुख्य बाजार म्हणजे दिवाळी अंक. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही पेठ भरते. वर्षाला शेकड्यांनी अंक निघतात. बाजार मोठा आहे, पण हंगाम एकच. अंक दिवाळीला यायचा म्हणजे कथा संपादकाकडं पावसाळ्यातच पोचली पाहिजे. शेतकरी-लेखकाची पंचाईत इथंच होते. मृग-आर्द्रात पेरणीची घाई, पुढं कोळपणी-खुरपणी, आणि नेमक्या त्याच दिवसांत गोष्ट पुरी करायची. नोकरदार लेखक रविवारी लिहितो. शेतात राबणाऱ्याला रविवार कसला? ग्रामीण कथा लिहिणाऱ्यांत मास्तर-प्राध्यापकांचा भरणा दिसतो, त्याचं एक कारण हेही असावं असं मला वाटतं.

मानधनाचं काय? अंकाचा खर्च विक्रीतून फारसा निघत नाही, तो जाहिरातींतून निघतो. जिल्ह्याच्या ठिकाणचे अंक तर साखर कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था, बाजार समित्या यांच्या शुभेच्छांवर जगतात. म्हणजे दुष्काळ पडला, ऊस घटला, पतसंस्था अडचणीत आली की पहिली जाहिरात कापली जाते, जाहिरात कापली की पानं कापली जातात, आणि पानं कापली की शेवटी कथालेखकाचं मानधन कापलं जातं. २०२० साली, कोरोनाच्या वर्षात, कित्येक अंकांनी पानं कमी केली, काही निघालेच नाहीत. पावसाचा फटका शेतकऱ्याला लगेच बसतो, लेखकाला तो चार महिन्यांनी बसतो. एका चांगल्या कथेला महिना-दीड महिना मेहनत पडते. त्याची मजुरी रोजंदारीच्या हिशेबानं काढू नका, झोप उडेल. बरेचदा तर अंकाची एक प्रत पोस्टानं येते, तेच मानधन.

पूर्वी एक आधार होता. मासिकं होती. ‘सत्यकथा’ हे त्यातलं सर्वांत मानाचं. तिथं कथा छापून आली म्हणजे कथाकार झाल्यावर शिक्कामोर्तब. संपादक कडक, लिखाण परत पाठवताना कुठं काय बिघडलं ते सांगणारे. पुष्कळांना त्याचा राग यायचा, तरुण लेखकांनी १९६९ साली या मासिकाची जाहीर होळीही केली. पण परत आलेल्या कागदांवरून शिकता येत होतं. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडलं. एकेक करत बाकीचीही मासिकं बंद पडली किंवा रोडावली. गावातला नवा लेखक आज कथा पाठवतो तेव्हा बहुधा उत्तरच येत नाही. नकार परवडला, ही शांतता वाईट.

पुस्तक काढायचं म्हटलं तर प्रकाशक पहिला प्रश्न विचारतो, कादंबरी आहे का? कथासंग्रह खपत नाही ही त्यांची कायमची तक्रार. एके काळी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघायची, आता कित्येकदा तीनशे-पाचशेवर भागवतात. काहीजण लेखकाकडूनच पैसे मागतात. यात पोरं दागिने मोडतात, सोसायटीचं कर्ज दुसरीकडं वळवतात. असं करू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची चौकशी आधी करा. ग्रामसेवक भाऊसाहेब, तुमच्या फलकावर विहिरीच्या, गोठ्याच्या योजना लागतात, तशी हीसुद्धा एक ओळ लागली तर बिघडणार नाही.

गोष्टीचा सातबारा

एक गोष्ट मात्र गावाकडच्या लेखकांना कुणी सांगत नाही. गोष्ट ही मालमत्ता आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं, तुम्ही ती लिहिली की मालकी तुमची झाली. त्यासाठी तलाठ्याकडं फेरफार नको, नोंदणीही सक्तीची नाही. ही मालकी लेखकाच्या हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या वारसांकडं राहते. साठ वर्षं मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून. म्हणजे अण्णाभाऊंच्या लिखाणाचा हक्क २०२९ सालच्या अखेरपर्यंत चालतो.

अंकाला कथा दिली म्हणजे जमीन एका हंगामासाठी कसायला दिली, खरेदीखत झालं नाही. मालकीहक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी कागद आणि लेखकाची सही लागते. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, मुलूख लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरतो. कोणी सिनेमावाला, मालिकावाला आला आणि “सर, इथं फक्त एक सही करा” म्हणाला, तर जमिनीच्या कागदावर सही करताना जेवढं डोळ्यात तेल घालता तेवढंच इथंही घाला. सिनेमा होणं ही काही अशक्य गोष्ट नाही. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा आणि राजन गवस यांची ‘चौंडकं’ कादंबरी यांवर ‘जोगवा’ सिनेमा २००९ साली आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चारुता सागर हे टोपणनाव. मूळचे ते दिनकर भोसले, पेशानं शिक्षक.

बरं, इतकं सगळं सोसून ही माणसं लिहितात कशाला? भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही गोष्ट घ्या. टोमॅटोचा भाव पडतो, भरल्या बाजारात बाप आपल्याच टोमॅटोचा ढीग पायांखाली तुडवतो, आणि शाळकरी पोरगा बघत राहतो. गोष्ट एवढीच, पण पाठ्यपुस्तकातून ती घरोघरी गेली. २०२३ साली जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता, आणि सप्टेंबरात आपल्या लोकांनी तो रस्त्याच्या कडेला ओतला. बातमी दोन दिवसांत शिळी झाली. कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेला तो बाप मात्र अजून बाजारात उभा आहे. शहरातल्या ज्या पोरानं शेत पाहिलेलं नाही, त्याला भाव पडणं म्हणजे काय हे कुठल्या अहवालानं कळलं नसतं, ते या गोष्टीनं कळलं. मोर्चात शंभर घोषणा दिल्या तरी एवढं साधत नाही, हे शेतकरी संघटनेतले जाणते कार्यकर्तेही मान्य करतील.

बोलीचंही तसंच. आपली भाषा अशुद्ध, असं शाळेत ऐकत आपण मोठे झालो. कागलच्या आनंद यादवांनी ‘गोतावळा’ अख्खी बोलीत लिहिली. बैल जाऊन ट्रॅक्टर येतानाची ती कथा. प्रतिमा इंगोले यांनी वऱ्हाडी बोलीत गोष्टी लिहिल्या. रा. रं. बोराडे यांनी लातूरकडची भाषा छापील पानावर आणली, त्यांचा पहिला कथासंग्रहच ‘पेरणी’ नावाचा. बोराडे सर फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. आणि परभणी जिल्ह्यात राहून पत्रकारी करणाऱ्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आजच्या गावातलं राजकारण, पाणी, जात, कर्ज, सगळं त्यात आहे. कथासंग्रहाच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो.

आता कारभाऱ्यांसाठी दोन शब्द. गावातला कुणी लिहितो असं कळलं की पहिली शंका येते, यानं आपल्यावर तर नाही लिहिलं? मग पोराच्या बापाला चावडीवर बोलावणं जातं. सरपंच साहेब, गोष्ट म्हणजे तक्रारअर्ज नव्हे, तिची चौकशी लावता येत नाही. त्यापेक्षा गावातल्या वाचनालयाकडं लक्ष द्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं आहेत, त्यांना शासनाचं अनुदान आहे. त्या अनुदानातून कपाटात काय येतं, हे कुणी बघतं का? कित्येक गावांत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं सोडली तर नवं काही येत नाही. वर्षाला आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांचे चार कथासंग्रह घ्या आणि एखाद्या संध्याकाळी समाजमंदिरात त्यातली गोष्ट मोठ्यानं वाचा. माईक नसला तरी चालेल.

लिहिणाऱ्यांसाठी शेवटची व्यवहाराची सूचना. दिवाळी अंकासाठीची कथा ऑगस्टअखेरीच्या भरवशावर ठेवू नका, जून-जुलैतच पाठवा. बहुतेक संपादक आता हातानं लिहिलेलं घेत नाहीत, युनिकोडमध्ये टाइप केलेली फाईल मागतात. मोबाईलवरही ते जमतं. एकच कथा एका वेळी दोन अंकांना पाठवू नका. पहिल्या पानावर पूर्ण पत्ता, गाव, तालुका, पिनकोड लिहा, आणि एक प्रत घरी ठेवा, पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी.