महागाईचे मोजमाप

एखाद्या कामगाराला गतवर्षीइतकेच वेतन आजही मिळते. तरी त्याच्या घरी धान्य कमी येते. वेतन तेच राहिले, पण त्याची खरेदीशक्ती घटली. ही घट किती, हे अंदाजाने सांगून भागत नाही. ती मोजावी लागते.

औद्योगिक कामगारांसाठी हे काम केंद्र सरकारची लेबर ब्यूरो ही संस्था करते. २०२० साली सुरू झालेल्या मालिकेत मुंबई, नागपूर, सोलापूर यांसारख्या ८८ केंद्रांतील ३१७ बाजारांतून किरकोळ किमती टिपल्या जातात. धान्य, तेल, कापड, औषधे, घरभाडे यांपैकी ज्या बाबीवर कुटुंबाचा खर्च अधिक, तिला हिशेबातही अधिक महत्त्व दिले जाते. २०१६ सालच्या किमतींची पातळी १०० मानून दरमहा एक आकडा काढतात. त्यास ग्राहक किंमत निर्देशांक म्हणतात.

समजा, गतवर्षी याच महिन्यात निर्देशांक १२० होता आणि आज तो १२६ आहे. १२० वर ६ म्हणजे शेकडा ५ वाढ. हाच वर्षाचा महागाईचा दर होय. पुढे हा दर शेकडा ३ झाला, तरी किमती उतरल्या असे नव्हे. त्या वाढतच असतात; फक्त वाढीचा वेग मंदावलेला असतो.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता याच निर्देशांकावरून ठरतो. ज्यांना असा भत्ता नाही, त्यांना वाढत्या किमतींचा भार स्वतःच सोसावा लागतो. म्हणून बाजारात टिपलेला प्रत्येक भाव अचूक असला पाहिजे. त्यावर असंख्य घरांचा चरितार्थ अवलंबून असतो.