लिव्हर रायफल : रूप जुने, यंत्रणा नवी

- प्रतिनिधी

हॉलिवूडचे 'वेस्टर्न' चित्रपट पाहिलेल्यांना ही रायफल चटकन आठवेल. चापाभोवतीची कड्यासारखी तरफ, म्हणजेच लिव्हर, खाली ढकलून पुन्हा वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, नवे काडतूस नळीत बसते आणि मागचा घोडाही चढतो. अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीच्या १८७३ आणि १८९४ च्या नमुन्यांनी ही रचना अजरामर केली. आज या जुन्या रायफलींच्या प्रतिकृती इटली, जपान आणि ब्राझीलमध्ये तयार होतात. बाह्यरूप तेच असले, तरी अंतरंगात मात्र बरेच बदल झाले आहेत.

पहिला बदल काडतुसाचा. १८६० च्या हेन्री रायफलीच्या काडतुसात स्फोटक रसायन बुडाच्या कडेत भरलेले असे. ही काडतुसे बाजारातून केव्हाच नाहीशी झाली. त्यामुळे इटलीच्या उबेर्ती कंपनीने आपली प्रतिकृती बुडाच्या मध्यभागी आघात घेणाऱ्या काडतुसांसाठी बनवली. ही काडतुसे अधिक लांब असल्याने रायफलीचा सांगाडाही किंचित वाढवावा लागला. १८७३ च्या नमुन्याची प्रतिकृती तर १९३५ साली आलेल्या .३५७ मॅग्नम काडतुसासाठीही मिळते!

दुसरा बदल दुर्बिणीमुळे आला. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या १८९४ च्या रायफलीतून रिकामी पुंगळी सरळ वर उडत असे. साहजिकच वर दुर्बीण बसवणे अवघड होते. १९८२ मध्ये कंपनीने रचना बदलून पुंगळी तिरकी बाहेर पडेल अशी सोय केली.

सर्वाधिक वाद झाला तो सुरक्षिततेच्या बदलांवरून. मूळ रायफलीत वेगळी सुरक्षा कळ नव्हती. नळीत काडतूस असताना घोडा अंगठ्याने हळूहळू उतरवून अर्ध्यावर अडकवावा लागे. अंगठा निसटला, की गोळी सुटण्याचा धोका. यावर उपाय म्हणून १९९२ पासून सांगाड्यात आडवी कळ बसवण्यात आली. शौकिनांना ती मुळीच रुचली नाही. अखेर २००३ मध्ये ही कळ दस्त्यालगत, अंगठ्याखाली हलवण्यात आली.

२००६ मध्ये विंचेस्टरचा न्यू हेवन येथील कारखाना बंद पडला. २०१० पासून जपानची मिरोकू कंपनी ही रायफल विंचेस्टरच्या नावाने बनवते. तिच्यात दस्त्यालगतची कळ आहेच. शिवाय आघातानंतर घोडा आपोआप किंचित मागे सरकतो आणि फायरिंग पिनवर टेकून राहत नाही.

जुन्याच्या चाहत्यांना ही भर खटकते. मूळ रायफलीचा साधेपणा हरवला, अशी त्यांची तक्रार असते. परंतु जुन्या रायफलीची सारी सुरक्षितता एका अंगठ्याच्या पकडीवर अवलंबून होती. प्रतिकृतीने मूळ वस्तूचे रूप जपावे, हे खरेच. तिच्यातील धोकाही जपावा काय, हा या वादातील खरा प्रश्न आहे.