सेमीफायनल हरल्यानंतरचा सोमवार

या आठवड्याचा व्हिडिओ बारा मिनिटांत आवरला खरा, पण निम्मं सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहितोय.

विषय तुम्हाला जरा लांबचा वाटेल. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजची फुटबॉल टीम. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे बरं का. हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखेत धरून, एकमेकांच्या अंगावर धावून जाऊन खेळतात तो. खेळाचे नियम कळले नाहीत तरी काही अडत नाही, कारण मला दाखवायचंय ते मैदानाबाहेरचं आहे.

ओहायो राज्यात अलायन्स नावाचं गाव आहे, वस्ती वीस-बावीस हजारांची. तिथे माउंट युनियन नावाचं १८४६ साली सुरू झालेलं खासगी कॉलेज आहे (२०१० पासून ते स्वतःला युनिव्हर्सिटी म्हणवतं). विद्यार्थी साधारण दोन हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजएवढे. पण कॉलेज फुटबॉलच्या ज्या गटात ते खेळतं, त्या डिव्हिजन थ्रीमध्ये या कॉलेजने १३ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय. लॅरी केरेस नावाचे कोच १९८६ पासून २७ सीझन तिथे होते. ३३२ सामने जिंकले, २४ हरले, ३ बरोबरीत सुटले. ११ विजेतेपदं त्यांच्याच काळातली. २०१३ मध्ये त्यांनी सूत्रं मुलाकडे, व्हिन्स केरेसकडे दिली. बापाच्या गादीवर मुलगा बसला म्हटल्यावर तुमच्यापैकी अनेकांना आपलं घरच आठवेल.

आता पुढचं समजायला डिव्हिजन थ्री म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. टीव्हीवर दिसणारी मोठी अमेरिकन कॉलेजं खेळाडूंना स्कॉलरशिप देऊन आणतात. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, नियमच आहे. गरज बघून किंवा मार्क बघून जी फी-सवलत बाकीच्या मुलांना मिळते, तीच खेळाडूलाही. म्हणजे खेळाडू फी भरून शिकतो आणि वर हौसेने खेळतो. त्यामुळे हिशोब कसा होतो बघा. टीममध्ये शे-दीडशे पोरं असतील, तर ते शे-दीडशे फी भरणारे विद्यार्थी झाले. छोट्या खासगी कॉलेजचा गाडा फीवरच चालतो. म्हणून तिथला फुटबॉल कोच हा एका अर्थाने कॉलेजचा मोठा सेल्समन असतो. वर्षभर शाळाशाळांतून फिरायचं, पोरांच्या आई-बापांबरोबर बसायचं आणि पटवायचं की तुमचा मुलगा आमच्याकडे पाठवा.

आणि पटलं तरी बांधून ठेवता येत नाही. तिथे खेळाडूकडून पक्का करार लिहून घेता येत नाही. पोरगं हो म्हणालं, हस्तांदोलन झालं, फोटो निघाला, तरी फीचं डिपॉझिट भरेपर्यंत काही खरं नाही. आपल्याकडे तोंडी ऑर्डर मिळाली म्हणून माल भरणारे लोक असतात. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता तो सीझन बघू. २०१६. साखळी सामन्यांत सलग ११२ विजय मिळवल्यानंतर माउंट युनियन आपल्याच भागातल्या जॉन कॅरोल युनिव्हर्सिटीकडून ३१-२८ हरलं. आधीची सलग २४ वर्षं लीगचं विजेतेपद यांच्याचकडे होतं, तेही गेलं. तरी बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, जागा मिळाली आणि गडी सेमीफायनलपर्यंत पोचले. तिथे टेक्ससच्या मेरी हार्डिन-बेलरने त्यांना १४-१२ असं हरवलं. अवघ्या दोन गुणांनी. २००५ पासून ११ वर्षं हे कॉलेज दरवर्षी फायनल खेळत होतं. ती परंपरा डिसेंबरच्या त्या शनिवारी तुटली.

रविवारी रडून घेतलं असेल. पण सोमवारी कोचच्या टेबलावर काय काय असतं?

सगळ्यात आधी, शेवटच्या वर्षाची पोरं गेलेली असतात. खेळायला चारच सीझन मिळतात. एका दुपारी तुमचे सगळ्यात अनुभवी वीस-पंचवीस लोक लॉकर रिकामे करतात, हेल्मेट जमा करतात आणि संपलं. तुमच्या कारखान्यातली सगळ्यात जुनी पाव टीम दरवर्षी एकाच दिवशी राजीनामा देते अशी कल्पना करा. हे जिंकलात तरी होतंच. फरक असा की जिंकल्यावर जाणारा मुलगा खालच्या पोरांना सांगून जातो की असं करा, यानेच जमतं. हरल्यावर तो मान खाली घालून जातो आणि शिकवायचं बरंच काही त्याच्याबरोबर निघून जातं. लेखी काहीच नसतं.

दुसरं म्हणजे वेळ. तेव्हा प्लेऑफ नोव्हेंबरच्या शेवटी सुरू व्हायचे आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालायचे. त्याच काळात कॉलेजच्या परीक्षा येतात आणि त्याच काळात बारावीची पोरं कुठल्या कॉलेजात जायचं ते ठरवत असतात. ज्या टीमचा सीझन नोव्हेंबरच्या मध्यावर संपला, तिचे कोच महिनाभर आधीच पोरांच्या घरी चहा पिऊन आलेले असतात. म्हणजे तुम्ही जितके पुढे जाता, तितके पुढच्या वर्षाच्या कामात मागे पडता. दिवाळीचा सीझन जोरात चाललेला दुकानदार लग्नसराईची खरेदी उशिरा करतो, तसलाच प्रकार.

बरं, हंगाम संपल्यावर जोर लावून सराव घेऊ म्हणाल, तर तेही चालत नाही. या गटाचा विचारच असा की खेळाडू आधी विद्यार्थी. हंगामाबाहेर कोचला सक्तीचा सराव लावता येत नाही. वसंतात मोजके दिवस मिळतात, बाकी पोरांनी आपण होऊन व्यायामशाळेत यायचं. चूक सापडली तरी ती दुरुस्त करायला हातात खरं म्हणजे ऑगस्टच असतो.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात अवघड वाटतं: नक्की काय चुकलं हे ठरवणं.

पूर्वी माझं छपाईचं छोटं युनिट होतं. एकदा एका मोठ्या ऑर्डरमध्ये आम्ही थोडक्यात मागे पडलो. त्या रागात मी पंधरा दिवसांत कागदाचा पुरवठादार बदलला, कोटेशन करणारा माणूस बदलला आणि एका ऑपरेटरला नको ते बोललो. तो सोडून गेला. सहा महिन्यांनी कळलं की ज्याला ऑर्डर मिळाली, त्याचं गोडाऊन गिऱ्हाइकाच्या शेजारी होतं, एवढंच. त्या ऑपरेटरसारखा हात मला नंतर मिळाला नाही.

म्हणून व्हिन्स केरेसचे आकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. सात सीझन, ९५ विजय, ६ पराभव. त्या सहांपैकी पाच पराभव प्लेऑफमधले. म्हणजे पाच वर्षं वर्षाचा शेवटचा सामना हरून संपली, आणि लोकांच्या डोक्यात शेवटचा सामनाच राहतो. तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? ‘मोठ्या सामन्यात आपले पाय लटपटतात’ म्हणून अर्धी माणसं बदलली असती? की पाचही वेळा समोर देशातली अव्वल टीम होती हे मान्य केलं असतं?

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, माउंट युनियन १५ पैकी १५ सामने जिंकलं. फायनलला समोर कोण? तीच मेरी हार्डिन-बेलर. निकाल १२-०. आता आदल्या वर्षीचा आकडा आठवा, १४-१२. दोन्ही वर्षी यांचे गुण बाराच! आक्रमणाने एक गुण जास्त काढला नाही. समोरच्याचे चौदाचे शून्य झाले. त्यांनी नेमकं काय काय बदललं याचं श्रेय एका गोष्टीला देण्याइतका मी शहाणा नाही. पण सोमवारी कोणी ‘आपल्याला गुणच काढता येत नाहीत’ म्हणून सगळं आक्रमण मोडून ठेवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार करून बघा.

जाता जाता एक गंमत. त्या २०१६ च्या सीझनमधले मेरी हार्डिन-बेलरचे विजय २०१९ मध्ये नियमभंगामुळे रद्द झाले. कोचने खेळाडूला आपली जुनी गाडी वापरायला दिली होती. विजेतेपदही कागदावरून गेलं. पण म्हणून माउंट युनियनला ती सेमीफायनल परत मिळाली का? नाही. स्पर्धक पुढे कधीतरी जीएसटीच्या लफड्यात सापडेल, या आशेवर बसणाऱ्यांसाठी सांगितलं.

आता दुसऱ्या प्रकारचा पराभव. ३० नोव्हेंबर २०१९, प्लेऑफची दुसरीच फेरी, घरचं मैदान. शिकागोजवळच्या नॉर्थ सेंट्रल कॉलेजने माउंट युनियनला ५९-५२ हरवलं. ५२ गुण काढून हरायचं म्हणजे विक्री विक्रमी आणि तरी वर्षाअखेर तोटा. काही आठवड्यांतच पुढचा धक्का. व्हिन्स केरेस टोलेडो युनिव्हर्सिटीत बचावाचे मुख्य कोच म्हणून निघून गेले. टोलेडो डिव्हिजन वनची टीम. तिथले तेव्हाचे मुख्य कोच जेसन कँडल हेही मूळचे माउंट युनियनचेच खेळाडू. म्हणजे तुमच्याच हाताखाली तयार झालेला माणूस मोठ्या कंपनीत गेला आणि तिथून येऊन तुमचा फोरमन घेऊन गेला. अशी उदाहरणं या कॉलेजची ढिगाने आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया ईगल्सना सुपर बोल जिंकून देणारे कोच निक सिरियानी हेही तिथलेच खेळाडू, आणि थोडा काळ तिथलेच सहायक कोच.

छोट्या कॉलेजला ही गळती थांबवता येत नाही. पगाराच्या शर्यतीत ते उतरूच शकत नाही. मग करायचं काय? माउंट युनियनने गेली काही दशकं एक गोष्ट धरून ठेवलेली दिसते: वरचा माणूस गेला की खालचा तयार असतो. व्हिन्स गेल्यावर बाहेरून मोठं नाव न आणता त्यांनी जेफ डार्ट यांना मुख्य कोच केलं. तेही आधी इथलेच खेळाडू, मग इथलेच सहायक. डार्ट यांचं नशीब बघा, खुर्चीत बसले ते २०२० साल! कोरोनामुळे त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. नवा कोच, पोरं घरी, आणि ओळख करून घ्यायला व्हिडिओ कॉल.

या सगळ्याच्या खाली आणखी एक पाणी मुरतंय, त्याचा निकालपत्रकात पत्ता लागत नाही. अमेरिकेतले जन्म २००७ मध्ये सर्वांत जास्त होते आणि नंतर घटत गेले. त्यात १८ मिळवा, २०२५ येतं. म्हणजे इथून पुढे कॉलेजला जाण्याच्या वयाची पोरंच दरवर्षी कमी होणार. छोट्या खासगी कॉलेजांपैकी काही आधीच बंद पडलीत. इंडियानातल्या अर्लहॅम कॉलेजने सलग ५३ पराभवांनंतर २०१८ मध्ये फुटबॉल थांबवला. माउंट युनियनची गोष्ट अर्थातच वेगळी, पण गिऱ्हाईकच कमी होतंय म्हटल्यावर चांगल्या नावाच्या दुकानालाही घराघरांत जास्त फिरावं लागतं.

मग डार्ट यांचं पुढे काय झालं? २०२१ च्या सेमीफायनलला नॉर्थ सेंट्रलकडून २६-१३ हरले. २०२२ च्या फायनलला नॉर्थ सेंट्रलकडून २८-२१ हरले. २०२४ च्या सीझनची फायनल, पुन्हा नॉर्थ सेंट्रल, ४१-२५. तीन वेळा एकच भिंत आडवी आली.

आणि ती भिंत तरी कुठे सुखात होती? नॉर्थ सेंट्रल २०२१ ची फायनल ५७-२४ अशी सपाटून हरलं, लगेच त्यांचा कोच वेस्टर्न मिशिगनला गेला. त्यांनीही घरचाच माणूस, जुना खेळाडू ब्रॅड स्पेन्सर, वर बसवला आणि पुढच्याच वर्षी ते अजिंक्य ठरले. २०२३ ची फायनल ते ३८-३७ हरले. शेवटच्या मिनिटांत एक गुण घेऊन बरोबरी साधायची सोय होती, त्यांनी दोन गुणांसाठी प्रयत्न केला, तो फसला. त्याच कोचला त्यांनी ठेवलं, आणि पुढच्या सीझनला १५ पैकी १५ जिंकून कप परत आणला. फायनलला समोर माउंट युनियनच होतं.

अलायन्समध्ये त्या सामन्यानंतरही सोमवार आलाच. जानेवारीतला, थंडीचा. लॉकर रिकामे होत असतील आणि कोणीतरी कोच गाडी काढून एखाद्या बारावीच्या पोराच्या घरी निघाला असेल.