वाफेची फटफटी

मोटारसायकलीला मराठी माणसानें ‘फटफटी’ असें नांव दिलें, तें तिच्या आवाजावरून. पेट्रोलचे बारीक बारीक स्फोट नळकांड्यांत एकामागून एक होतात आणि त्यांचाच आवाज रस्त्यावर ऐकूं येतो. परंतु जगांतील पहिल्या मोटारसायकली फटफटत नव्हत्या. त्या फुसफुसत होत्या. त्यांच्या पोटांत पाणी होतें, आणि त्यांना ओढणारी शक्ति वाफेची होती. पेट्रोलवर चालणारी दुचाकी गॉटलीब डाइमलर यानें जर्मनींत १८८५ सालीं तयार केली. त्यापूर्वीं सुमारें पंधरा वर्षें वाफेची दुचाकी अमेरिकेंत व फ्रान्समध्यें अवतरली होती.

रस्त्यावरून नाहींशा झालेल्या या यंत्राला पुढें एका निराळ्याच क्षेत्रांत आश्रय मिळाला. तें क्षेत्र खेळाचें. चारपांच मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र अंगीकारतात, आणि बोलतां बोलतां सर्वजण मिळून एक कथा रचीत जातात. पात्राला काय साधेल व काय साधणार नाहीं, याचा निवाडा नियम आणि फांसे करतात. मुलांच्या भातुकलीला हिशेबाची शिस्त लावावी, तसा हा प्रकार आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अशा प्रकारचा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. १९९६ मध्यें शेन लेसी हेन्सली यानें ‘डेडलँड्स’ हा खेळ रचला. त्यांतील काळ १८७६ च्या सुमाराचा आणि प्रदेश अमेरिकेच्या पश्चिम भागाचा. मात्र त्या प्रदेशांत भुतेंखेतें वावरतात, आणि विक्षिप्त संशोधक ‘घोस्ट रॉक’ नांवाचें काल्पनिक खनिज जाळून अचाट यंत्रें चालवितात. हें खनिज दगडी कोळशाहून पुष्कळ अधिक धग देतें, असें त्या खेळांत मानलें आहे. वाफेच्या गाड्या व दुचाक्या हा तेथील खेळाडूंचा आवडता छंद. प्रत्येकजण आपल्या पात्रासाठीं हवी तशी गाडी कागदावर घडवितो.

हाच खेळ पुणें जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत मांडावयाचा झाला, तर योग्य भूमि शोधावी लागणार नाहीं. येथेंही पश्चिम आहे, आणि ती सह्याद्रीच्या कड्यांनीं भरलेली आहे. येथेंही त्याच काळीं बंडें झालीं. सध्यां आंबेगांव तालुक्यांत असलेल्या जांभोरीच्या होन्या केंगले यानें १८७३ पासून सावकारांविरुद्ध बंड चालविलें, आणि १८७६ मध्यें तो पकडला गेला. १८७५ च्या मे महिन्यांत याच जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतपत्रें जाळलीं. आगगाडी मुंबईहून ठाण्यास १८५३ मध्यें धांवली. परंतु या दोन तालुक्यांत रूळ कांहीं आला नाहीं. अशा मुलखांत एखाद्या कल्पक कारागिरानें वाफेची फटफटी बनविली असती, तर ती कशी चालली असती? हा प्रश्न खेळाचा असला, तरी त्याचें उत्तर पदार्थविज्ञानाकडे मागावें लागतें.

यंत्राची रचना समजण्यास जुन्या घरांतील न्हाणीघराचा तांब्याचा बंब आठवावा. मध्यें जळत्या कोळशाची नळी व तिच्याभोंवतीं पाणी, हीच वाफेच्या दुचाकीच्या बाष्पकाची मूळ कल्पना. बंब वर मोकळा असतो, म्हणून त्यांतील वाफ निघून जाते. बाष्पक बंद असतो. एक लिटर पाण्याची वाफ साध्या हवेच्या दाबाखालीं सुमारें सतराशें लिटर जागा मागते. ती न मिळाली म्हणजे ती भांड्याच्या भिंतींवर रेटा देते. हा रेटा नळकांड्यांतील दट्ट्यावर सोडला, कीं दट्ट्या मागेंपुढें सरकतो, त्याला जोडलेला दांडा मागच्या चाकाचा आंस फिरवितो, आणि गाडी चालूं लागते. स्वयंपाकघरांतील कुकरमध्यें हवेच्या दाबाहून सुमारें एक किलो प्रतिचौरस सेंटिमीटर इतका अधिक दाब असतो. गाडी ओढणाऱ्या इंजिनाला त्याच्या कित्येक पट दाब हवा.

अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील सिल्व्हेस्टर रोपर यानें १८६९ च्या सुमारास बनविलेली दुचाकी याच तत्त्वावर होती. दोन चाकांच्या मध्यें कोळशाची शेगडी व बाष्पक टांगलेला होता, आणि स्वाराची बैठक हीच पाण्याची टांकी होती. त्याच सुमारास फ्रान्समध्यें लुई-गिओम पेरो यानें मिशो कारखान्याच्या दुचाकीवर लहानसें इंजिन बसविलें. त्याचें पाणी मद्यार्काच्या ज्योतीवर तापे. आणि ज्या ‘पश्चिमे’ची कथा हा खेळ सांगतो, त्या पश्चिमेंतच, ॲरिझोनामधील फिनिक्स येथें, ल्यूशियस कोपलँड यानें १८८४ मध्यें ‘स्टार’ जातीच्या सायकलीवर वाफेचें इंजिन चढवून ती लोकांना दाखविली. म्हणजे खेळांतील भुतें काल्पनिक असलीं, तरी वाफेची दुचाकी तेथें खरोखर चाललेली आहे.

या यंत्राचे गुण लहान नाहींत. पेट्रोलच्या इंजिनाला आधीं फिरावें लागतें, मग त्यांत जोर येतो. वाफेचा रेटा मात्र चाक थांबलेलें असतांनाच पूर्ण लागतो. म्हणून तिला गिअर लागत नाहींत. चढावर थांबलेली गाडी ती शांतपणें पुढें ओढते. जळण कोणतेंही चालतें: लांकूड, लोणारी कोळसा, रॉकेल, उंसाचें चिपाडसुद्धां. दोष एवढाच, कीं निखारा पेटून दाब चढेपर्यंत स्वाराला ताटकळत बसावें लागतें. खेळांत शत्रु पाठीशीं लागला असतां हा वेळ जीवघेणा ठरतो.

परंतु खरा दोष याहून मोठा आहे, आणि तो पाण्याचा आहे. वापरलेली वाफ हवेंत सोडून देणाऱ्या लहान इंजिनांत कोळशाच्या उष्णतेच्या शंभर भागांपैकीं चारच भाग चाकापर्यंत पोंचतात असें धरलें, तर एक अश्वशक्ति तासभर मिळविण्यास सुमारें १५ लिटर पाणी आणि सव्वादोन किलो लोणारी कोळसा लागेल. कच्चा रस्ता आणि चढउतार धरून दुचाकीला सरासरी दोन अश्वशक्ति लागतील, आणि ती तासाला ३० किलोमीटर जाईल, असें मानूं. म्हणजे तासाला ३० लिटर पाणी आणि साडेचार किलो कोळसा. हिशेब लक्षांत ठेवण्यास सोपा आहे: किलोमीटरला एक लिटर पाणी. घाट लागला, कीं यांत भर पडते. गाडी व स्वार मिळून २२० किलो ओझें ५०० मीटर उंच चढवावयाचें, तर केवळ त्या चढापायीं आणखी सहा लिटर पाणी खर्ची पडतें.

येथेंच खेळांतील जादूचें खनिजही हात टेकतें. त्यानें धग वाढेल, कोळशाचें ओझें घटेल. पण धग म्हणजे पाणी नव्हे. वापरलेली वाफ थंड करून तिचें पुन्हां पाणी करतां येतें. परंतु त्यासाठीं लागणारी नळ्यांची जाळी दुचाकीला जड होते, आणि उन्हाळ्यांतील तापलेल्या हवेंत ती नीट थंडही होत नाहीं. फ्रान्सच्या लेऑं सेर्पोले यानें तापलेल्या नळींत थोडें थोडें पाणी सोडून क्षणांत वाफ करण्याची युक्ति काढली, आणि १९०२ मध्यें नीस येथें त्याची वाफेची मोटार तासाला १२० किलोमीटरांवर वेगानें धांवली. या युक्तीनें दाब लवकर चढतो आणि स्फोटाचें भय कमी होतें. पाण्याची तहान मात्र तिनेंही संपत नाहीं.

आतां हा हिशेब जुन्नर-आंबेगांवच्या नकाशावर मांडून पाहावा. जुन्नरहून नारायणगांवमार्गें मंचर सुमारें ३० किलोमीटर. टांकींत ३० लिटर पाणी घेऊन निघालेला स्वार मंचरला पोंचेल तो कोरडी टांकी घेऊन. वाटेंत मीना आणि घोड या नद्या लागतात. पावसाळ्यानंतर तेथें पाणी मिळेल, चैत्र-वैशाखांत तें मिळेलच असें नाहीं. पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर, जेथें सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, तेथें खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणांतून चढून आलेल्या तांड्यांना तीं जितकीं मोलाचीं होतीं, तितकींच या वाफेच्या स्वारालाही ठरतील. यंत्र नवें असलें, तरी त्याचा मुक्काम बैलांच्याच पाणवठ्यावर पडणार.

आणि खेळाचें वर्ष १८७६ असेल, तर प्रश्न केवळ मुक्कामाचा राहत नाहीं. त्या वर्षीं पावसानें दगा दिला, आणि १८७६ ते १८७८ या काळांतील दुष्काळानें पुणें जिल्ह्यासह सारें दख्खन होरपळलें. माणसें गांवें सोडून गेलीं, गुरें दावणीला मेलीं. अशा वेळीं एखाद्या वाडीच्या आडावर वाफेची फटफटी येऊन उभी राहिली, आणि स्वारानें ३० लिटर पाणी मागितलें, तर बायाबापड्यांनीं त्याला काय उत्तर द्यावें? तें पाणी म्हणजे कुणाच्या तरी गाईचा दिवस. स्वार सावकाराचा माणूस असेल, बंडखोर असेल किंवा धान्याची खबर घेऊन निघालेला दूत असेल. प्रत्येक वेळीं उत्तर निराळें येईल. कागदावर गाडीचा वेग वाढविणें सोपें असतें. या प्रश्नाचें उत्तर फांशांनीं ठरत नाहीं. तें खेळाडूला स्वतःच द्यावें लागतें.

पाणी संपण्यांत दुसरेंही भय आहे. बाष्पकांतील पाणी शेगडीच्या माथ्याखालीं उतरलें, कीं उघडा पडलेला धातु तापून मऊ होतो आणि दाबाखालीं फुटतो. म्हणून पाण्याची पातळी दाखविणारी काचेची नळी आणि जादा दाब सोडून देणारी झडप, या दोन वस्तु ज्या गाडीवर नाहींत, ती खेळांतही स्वाराला देऊं नये. भारतांत बाष्पकांच्या तपासणीसाठीं १९२३ चा कायदा होता. त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्यानें घेतली आहे. खुद्द रोपरचा अंत मात्र स्फोटानें झाला नाहीं. १ जून १८९६ रोजीं केंब्रिज येथील सायकलींच्या धांवपट्टीवर तो आपली नवी वाफेची दुचाकी पळवून दाखवीत होता. वय ७२. तासाला सुमारें ६४ किलोमीटरांचा वेग गांठल्यावर दुचाकी डगमगली, तो खालीं पडला आणि मृत्यु पावला. हृदयक्रिया बंद पडली, असें निदान झालें.

जुन्नर-आंबेगांवांत वाफ दुचाकीवर बसून आली नाहीं. ती साखर कारखान्यांत आली. जुन्नर तालुक्यांत निवृत्तिनगरचा श्रीविघ्नहर आणि आंबेगांव तालुक्यांत पारगांवचा भीमाशंकर, या दोन सहकारी कारखान्यांत उंसाचें चिपाड जळतें, पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेवर यंत्रें फिरतात व रस आटतो. तेथें वाफ पुरी पडते याचें कारण शिकण्याजोगें आहे. उंसांत शंभर भागांत सुमारें सत्तर भाग पाणीच असतें, आणि कारखाना निवलेल्या वाफेचें पाणी पुन्हां वापरतो. जें यंत्र एका जागीं उभें आहे, त्याला आपलें पाणी परत गोळा करतां येतें. जें धांवतें, त्याला तें वाटेवर सांडीत जावें लागतें. पेट्रोलच्या इंजिनानें वाफेच्या दुचाकीला मागें टाकलें, त्याच्या अनेक कारणांत हें एक मोठें कारण होतें.

तेव्हां जो कोणी खेळासाठीं वाफेची फटफटी घडवील, त्यानें तिला हवा तो रंग द्यावा, हवें तें जळण द्यावें, वाटल्यास भुताचें खनिजही द्यावें. पण टांकी किती लिटरांची आणि पुढचा पाणवठा किती किलोमीटरांवर, हे दोन आंकडे कागदाच्या माथ्यावर आधीं लिहावेत. या मुलखांत प्रवासाला निघालेला माणूस शतकानुशतकें हाच हिशेब करीत आला आहे.