कानाचा आवाज ज्याला आधी सुचला

नातीच्या डिस्चार्ज कार्डावर ‘ओएई : उजवा पास, डावा रेफर’ हे शब्द वाचून राजारामपुरीतल्या एका आजींनी काळजीने विचारले आहे, ‘बाळाला डाव्या कानाने ऐकू येत नाही का?’ आजी, एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. जन्मानंतर पहिले एक-दोन दिवस बाळाच्या कानात पांढरा चिकटा किंवा पाणी राहिले, तरी ‘रेफर’, म्हणजे ‘पुन्हा तपासा’, असे येते. पण महिन्याच्या आत चाचणी पुन्हा कराच. तेव्हाही तेच आले, तर ‘बेरा’ ही श्रवणतंतूपासून मेंदूकडे जाणारे संकेत तपासणारी चाचणी करून तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान पक्के व्हायला हवे.

ओएई (ओटोअकौस्टिक एमिशन) चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी बसवून टकटक आवाज सोडतात आणि कानातून परत येणारा आवाज मायक्रोफोनने टिपतात. हा नुसता प्रतिध्वनी नव्हे! कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखात, साधारण १२ हजार बाह्य केशपेशी असतात. आवाजाच्या तालावर त्या आखडतात, लांबतात आणि आलेल्या कंपनाला जोर देतात. त्यातला अंश उलट वाटेने कानाच्या पडद्यापर्यंत येतो आणि बाहेर पडतो.

हे आधी सुचले ते थॉमस गोल्ड यांना, आणि ते कानाचे डॉक्टर नव्हते. महायुद्धात ते ब्रिटिश नौदलाच्या रडारवर काम करत होते. १९४८ साली त्यांनी हर्मन बाँडी यांच्यासोबत स्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला. फ्रेड हॉइल यांनीही तो त्याच वर्षी मांडला. पुढे हॉइल यांच्याबरोबर तो लढवणारे जयंत नारळीकर १९३८ साली आपल्या कोल्हापुरातच जन्मले.

त्याच १९४८ मध्ये गोल्ड यांनी कानाबद्दल लिहिले. कॉक्लियात द्रव भरलेला आहे, द्रवात कंपन लगेच विरते. तरीही आपण अगदी जवळचे दोन सूर वेगळे ओळखतो. म्हणजे आतूनच कुणीतरी ऊर्जा पुरवत असले पाहिजे. मंडपात माईक स्पीकरजवळ नेला की आवाज फिरून स्वतःलाच वाढवतो आणि कुईऽऽ होते. तसे कानात अति झाले, तर कानही आपोआप वाजेल, हे त्यांचे भाकीत!

कुणी फारसे मनावर घेतले नाही. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत ध्वनिलहरीचा प्रवास पाहिला होता. काम थोरच, १९६१चे नोबेल त्यालाच मिळाले. पण गोल्ड यांचा ऊर्जा पुरवणारा वर्धक चालतो फक्त जिवंत कानात, मृत कानात तो दिसणारच नव्हता. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी कानाचा आवाज प्रत्यक्ष टिपला. ओएईचे श्रेय त्यांना मिळते, ते योग्यच. पण तीस वर्षे आधी निव्वळ तर्काने तिथवर पोहोचलेल्या गोल्ड यांचे नाव त्याच ओळीत असायला हवे, असे मला ठामपणे वाटते. ते २००४पर्यंत हयात होते.

आणखी एक. ओएई केशपेशींपर्यंतचीच खबर देते. पुढच्या श्रवणतंतूतला दोष तिला दिसत नाही. म्हणून जे बाळ बरेच दिवस एनआयसीयूत होते किंवा ज्याला तीव्र कावीळ झाली होती, त्याची ओएई ‘पास’ असली तरी बेरा करून घ्यावी.