फोलेटची वाट अडविणारी औषधे

सल्फा औषधे आणि ट्रायमेथोप्रिम यांचा रुग्णांना होणारा उपयोग सर्वपरिचित आहे. संशोधकांना होणारा उपयोग मात्र तितकासा परिचित नाही. (ही औषधे रासायनिक संश्लेषणाने तयार होत असल्यामुळे काटेकोर अर्थाने प्रतिजैविके नव्हेत; व्यवहारात मात्र त्यांची गणना त्यांतच होते.)

फोलेट हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व होय. त्याच्यावाचून डीएनएचे घटक तयार होत नाहीत आणि पेशींची वाढ खुंटते. मनुष्यास ते पालेभाज्या व कडधान्ये यांतून मिळते. अनेक रोगकारक जीवाणूंना मात्र ते स्वतःच घडवावे लागते.

सल्फा औषध जीवाणूंना नेमके कोठे अडविते, याचा उलगडा इंग्लंडमध्ये डोनाल्ड वुड्स यांनी १९४० साली केला. या औषधाचा प्रभाव नाहीसा करणारे काही द्रव्य यीस्टच्या अर्कात असते. ते पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल असावे, असे त्यांनी दाखविले. या आम्लाची रचना औषधाशी मिळतीजुळती असते, आणि फोलेटच्या रेणूचा ते एक भाग असते, हे पुढे कळले. सारखेपणामुळे जीवाणूचे विकर फसते आणि आम्लाऐवजी औषध स्वीकारते. येथूनच औषध हे संशोधनाचे साधन बनले. वाट अडवावयाची, एकेक पदार्थ पुरवून पाहावयाचा, आणि कशाने वाढ पुन्हा सुरू होते यावरून जीवाणूच्या अंतर्गत रसायनशास्त्राचा नकाशा काढावयाचा, अशी ही रीत आहे. यीस्टचाच अर्क मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या एका प्रकारच्या पंडुरोगावर गुणकारी ठरतो, हे ल्यूसी विल्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले होते. त्यातील गुणकारी द्रव्य फोलेट होते!

ट्रायमेथोप्रिम त्याच वाटेवरील पुढचे विकर रोखते. हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ई. कोलाय जीवाणूंना सुमारे तीन आठवडे या औषधाची चढती मात्रा दिली. प्रतिकार पायरीपायरीने वाढला. त्यास कारण झालेले बदल त्या एकाच विकराच्या जनुकात घडले, आणि वेगवेगळ्या पात्रांतही त्यांचा क्रम बराचसा सारखा आढळला. अन्य दोन औषधांच्या बाबतीत असे घडले नाही. प्रतिकार कोणत्या वाटेने येईल याचा अंदाज बांधता येणे, ही गोष्ट लहान नव्हे.

या ज्ञानाचा एक उपयोग नित्याच्या तपासणीतही होतो. रुग्णाच्या जंतूंवर ही औषधे लागू पडतात की नाही, हे पाहताना पोषक माध्यमात थायमिडीन अत्यल्प असावे लागते. ते अधिक असल्यास जीवाणू आयता मिळालेला हा घटक वापरून वाढतात, आणि लागू पडणारे औषधही निरुपयोगी असल्याचा अहवाल रुग्णाच्या हाती पडतो.